रोज धावणारी ऑस्टिन

पंढरी पाटलाला जुन्या गाड्यांचा शौक आहे असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. शौक कसला डोंबलाचा! कोपरला आमच्या बिल्डिंगच्या आवारात उभी असायची ती त्रेपन्न सालची हिरवी ऑस्टिन त्याच्या बापाने मिठागराच्या मालकाकडून घेतलेली. बाप गेला, मिठागर गेलं, पाटलांच्या शेतावर आमची बिल्डिंग उभी राहिली. गाडी तेवढी राहिली, आणि ती राहिली सखुबाईंसाठी.

सखुबाई म्हणजे पंढरीची बायको. पडून मोडलेला त्यांचा उजवा पाय कंबरेपासून ताठ झालेला, त्यात किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा कल्याणला डायलिसिस. रिक्षात पाय मावेना. पुतण्या दिपेशच्या नव्या गाडीत बसवलं तर दारातच अडकून त्या किंचाळल्या. ऑस्टिनची मागची सीट मात्र खुर्चीएवढी उंच आणि लांबच लांब. एका दारातून पंढरी त्यांना टेकवायचा, दुसऱ्या दारातून मी काखेत धरून ओढायचो, की पाय सरळ आडवा. मी वरच्या मजल्यावरचा निवृत्त मास्तर. मला तरी दुसरं काय काम?

गाडीची नोंदणी संपत आली तेव्हा दिपेशने एजंट धरून तिची व्हिंटेजमध्ये नोंद करून आणली. पोराचं मन साफ. व्हिंटेज म्हणजे जुनी आणि मानाची, एवढंच त्याला ठाऊक. अशी गाडी प्रदर्शनाला न्यावी, पेट्रोल भरायला न्यावी, दुरुस्तीला न्यावी, पण रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही, हा नियम कोणाच्या गावीही नव्हता.

आणि आमच्याकडे आनंद झाला की फ्लेक्स लागतो. बारशाचा लागतो, दहावीच्या पंचावन्न टक्क्यांचाही लागतो. दिपेशने भर नाक्यावर लावला: ‘डोंबिवलीची शान! आजही दररोज कल्याणला धावणारी व्हिंटेज ऑस्टिन! आमचे काका पंढरीशेठ यांचे हार्दिक अभिनंदन!’ फोटोत नंबरप्लेट झळकतेय आणि खाली शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले चेहरे. आठवड्यातल्या तीन खेपांचं त्याने ‘दररोज’ केलं, आणि तेही लाल अक्षरात. वाहतूक पोलिसांनाही वाचता येतं, हे त्या शुभेच्छुकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात ठाकुर्लीला वाहतूक पोलिसांनी आम्हाला अडवलं. साहेब तरुण होता, बोलायला बरा. नियम समजावून सांगितला. पंढरीचा चेहरा उतरला, पण हार मानील तर पंढरी कसला!

“साहेब, गारीला दुरुस्तीला न्यायला चालतं ना?”

“चालतं, काका.”

“मंग मी हिला दुरुस्तीलाच चाललोय.” त्याने मागे सखुबाईंकडे बोट केलं.

साहेब हसला. त्याने सोडलंही. “पण परत दिसली तर जमा करावी लागेल. माझ्यावरही वरचे आहेत.”

मग आमचे हाल कुत्रा खाईना. अँब्युलन्स एकदा मिळाली, दुसऱ्यांदा दोन तास वाट पाहायला लावून आलीच नाही. अ‍ॅपवाले ड्रायव्हर पाय बघितला की ट्रिप कॅन्सल करून पसार. दिपेश नोंद उलटी फिरवायला आरटीओ ऑफिसात खेटे घालत होता; तिथे या खिडकीवरून त्या खिडकीवर. दोन वेळा डायलिसिस चुकलं. सखुबाईंचं तोंड सुजलं, आडवं झालं की श्वास लागायला लागला. रात्रभर बसून राहायच्या.

सकाळी पंढरी माझ्या दारात आला. उभ्या आयुष्यात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. “मास्तर, मरल ती. माझ्या डोल्यांसमोर मरल. खाली या, पाय धरा.”

मी गेलो. नियम वगैरे मला सुचलाच नाही. मला फक्त त्या बाईच्या छातीची घरघर ऐकू येत होती.

ठाकुर्लीलाच परत अडवलं. तोच साहेब. पंढरी उतरला नाही. किल्ली तशीच ठेवून त्याने हात जोडले.

“गारी घ्या साहेब. कायमची घ्या. मी एक शब्द बोलनार नाय. पन आधी हिला पोचवू द्या.”

साहेबाने मागे वाकून पाहिलं आणि त्याचाही रंग उडाला. सखुबाईंना दुसऱ्या गाडीत हलवणं शक्य नव्हतं, आणि ऑस्टिनचे स्टिअरिंगजवळचे गिअर पंढरीशिवाय कोणाला जमणारे नव्हते. शेवटी साहेब स्वतःच पुढच्या बाकासारख्या सलग सीटवर बसला. मी मधे, अंग चोरून.

“कोन बसला?” सखुबाईंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

“साहेबांना कल्यानला जायचंय,” पंढरी म्हणाला. “बोललो, चला.”

 पुढच्या गर्दीत दोनदा साहेबाने हात बाहेर काढून वाट करून दिली.

सखुबाई मशीनला लागल्या. मी त्यांच्यापाशी थांबलो. पंढरी साहेबाला घेऊन गेला आणि पोलिसांच्या आवारात स्वतःच्या हाताने गाडी लावून चालत परत आला. शर्ट घामाने चिकटलेला.  दुपारी सखुबाईंना व्हीलचेअरवरून बाहेर आणलं. सूज उतरलेली, डोळे उघडे. गेटबाहेर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

“गारी कुठं लावलीस?”

“सावलीन लावलीय,” पंढरी म्हणाला.

“बरा केलास. मना उन्हाची सीट सोसत नाय.” त्यांनी व्हीलचेअरवर मान टेकली. “जा, घेऊन ये. मी बसते इथं.”

पंढरी हलला नाही. तो त्यांच्या पायावरचं पातळ नीट करत बसला. मी फोन काढला, पण कोणाला लावायचा तेच कळेना.