खाल्लं तर वाचेल

माझा धाकटा भाऊ बारक्या माशांचा डॉक्टर आहे. सर्टिफिकेट नाही, पण हाताला गुण आहे, आणि तो गुण आमच्या घराण्याचा. मी सातवीपर्यंतच शिकलो, तरी माणूस ओळखायला चुकत नाही. असला हात दुसरा दाखवा मला.

त्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानामागं एक खोली आहे. भिंतीला टाक्या, हवेचा पंप कायम घरघरत असतो. बायको गेल्यापासून बारक्या तिथंच राहतो. त्याच्याकडून एक शब्द काढायचा तर दोन कप चहा पाजावा लागतो.

एकदा एका हॉटेलवाल्यानं हॉटेलातल्या तळ्यातला मोठा तांबडा मासा आणला. बगळ्यानं पाठीचा लचका तोडलेला.

"वाचेल का?"

"खाल्लं तर वाचेल," बारक्या म्हणाला.

मी मदतीला हात घातला, तर मलाच सुनावतो, "दादा, हात ओला कर आधी. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला तर ती दुसरी जखम." मग ओल्या फडक्यानं माशाचे डोळे झाकले, जखमेवर कापसानं औषध टेकवलं आणि चिमूटभर मिठाच्या पाण्यात सोडला. वेगळ्या टाकीत, एकटा.

मासा खाईना. चार जणांत वाढलेला मासा एकटा पडला की अन्न सोडतो म्हणे. म्हणून बारक्या आपलं ताट घेऊन टाकीसमोर बसायला लागला.

एका दुपारी दाराशी पोचलो, तर आत बोलणं चाललेलं. म्हटलं, पाहुणा आलाय.

"भाजी खारट झाली आज. ती असती तर माझी खैर नव्हती. तू तरी खा रे बाबा."

मी कुणाच्या दारातून असा परत फिरत नाही. त्या दिवशी चपला हातात घेऊन फिरलो.

मासा खायला लागला. जखम भरली, वर नवे खवले धरले. हॉटेलवाला घेऊन गेला. मी अख्ख्या बाजारात सांगितलं, भाऊ कुणाचा आहे ते.

पुढच्या रविवारी डबा घेऊन गेलो, तर बारक्या रिकाम्या टाकीसमोर ताट घेऊन बसलेला. ताट तसंच. मी शेजारी बसलो, डब्यातलं त्याला वाढलं. मग त्यानं एक घास घेतला.

"भाजी खारट झालीय," तो म्हणाला.

भाजी माझ्या बायकोच्या हातची. तिचं मीठ आजवर कधी चुकलेलं नाही, हे मी कुठंही छातीठोक सांगेन.

"झालीय खरी," मी म्हणालो. "अजून वाढू?"