सगळ्यात जुनं यंत्र धरून

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी बाई त्याची पेटी उघडायच्या. स्क्रू डब्याच्या झाकणात ठेवायच्या, आतल्या प्रोसेसरवरची धूळ पदरानं पुसायच्या आणि चष्मा कपाळावर सारून त्यावरची बारीक अक्षरं वाचायच्या. मग ती वहीत उतरवायच्या. लग्नाच्या स्थळाची चौकशीही लोक इतकी कसून करत नाहीत.

नव्वदीच्या शेवटी नाशिकच्या एका कॉलेजात आमची लॅब त्यांच्या ताब्यात होती. सायखेड्याहून रोज एसटीनं यायच्या. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललेलं, नोकरी तात्पुरती, आणि कायम होण्याची वाट बघण्यात सात वर्षं गेलेली. मी तासावर शिकवणारा नवा पदवीधर; शहाणपण अंगात मावत नव्हतं.

लॅबमधले बारा कॉम्प्युटर बाहेरून सारखे, कारण पेट्या कॉलेजनं एकदमच घेतल्या होत्या. आत मात्र कुठे थ्री-एटी-सिक्स हा सगळ्यात जुना प्रोसेसर, कुठे त्यापुढचा फोर-एटी-सिक्स, आणि एकच नवा. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर आम्ही तिथेच तयार करायचो. सुरुवातीला एक स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, समोरचा प्रोसेसर ओळखायची आणि त्याला साजेसा कंपायलर घडायचा. तरीही बाई वही काढून ताडून बघायच्या. स्क्रिप्ट ओळखते की, असं मी त्यांना चिडवायचो.

"ओळखती ना सर," त्या म्हणायच्या, "पण जिथं बसली तेवढंच. शेजारी कोण हाय, तिला काय माहीत?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅब तयार करायचं राहिलेलं काम माझ्यावर सोपवून बाई एसटी गाठायला गेल्या. मी नव्या कॉम्प्युटरवर कंपायलर तयार केला आणि तोच बाकी अकरांवर टाकला. पेट्या सारख्या, मग काय बघायचं? चालवून पाहिला तोही नव्यावरच. सकाळी बाहेरचे परीक्षक आले, मुलं बसली, आणि अकरा ठिकाणी कंपायलर सुरू होताक्षणी बंद पडला. नव्या प्रोसेसरसाठी घडवलेलं जुन्यांना कळत नव्हतं.

लॅब कुणी तयार केली, असं विभागप्रमुखांनी विचारलं. विचारलं सगळ्यांना, पण बघितलं बाईंकडे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या पडद्याकडे बघत राहिलो.

"तीनपर्यंत करून देते, साहेब," एवढंच त्या बोलल्या.

त्यांनी काम नव्या कॉम्प्युटरवरच पुन्हा लावलं, पण या वेळी प्रोसेसर ओळखायचं स्क्रिप्टवर सोडलं नाही. स्वतःच्या हातानं थ्री-एटी-सिक्स असं लिहिलं. शेजारी मी चोरासारखा उभा होतो.

"सगळ्यात जुनं यंत्र धरून करायचं, सर," त्या म्हणाल्या. "त्याला झेपलं का सगळ्यांना झेपतं."

रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं. तीनला परीक्षा सुरू झाली आणि बाई तेव्हा कुठे जेवायला बसल्या.

जूनमध्ये कायम होणाऱ्यांची यादी लागली. त्या दिवसाचा शेरा बाईंच्या नावापुढे पडला होता आणि नाव गळालं होतं. माझं मात्र यादीत होतं. मी विभागप्रमुखांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. संध्याकाळी बाईंनी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि नेहमीच्या एसटीनं गेल्या.

पुढे लॅब नवी झाली, सगळे कॉम्प्युटर आतूनही सारखे आले. कुणाची पेटी उघडायची गरज उरली नाही. मला मात्र बाईंची फार आठवण यायची. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुम्हालाही आली असती. पण तुम्हाला ती सुखानं आली असती.

आठ-नऊ वर्षांनी एका रविवारी मी सायखेड्याला गेलो. झालं ते सगळं बोलून टाकायचं, माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो. घराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. बाई मुलाकडे सुरतला गेल्या, आता इकडे यायच्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

"फोन येतो तिचा," आजी म्हणाल्या. "काही निरोप हाय का?"

मी म्हणालो, नाही, सहज आलो होतो.

"मंग कोण आलं होतं म्हणून सांगू?"

एसटीची वेळ झालीय, असं म्हणून मी निघालो. एसटीला अजून तासभर होता.