पाचव्या फेऱ्याची वाट

शिखांच्या लग्नात फेरे चार असतात. ही माहिती मला लग्न उरकल्यावर, तळहातावर गरम शिरा पडल्यानंतर मिळाली.

नगरला माळीवाड्यात माझं फोटोचं दुकान होतं. फाळणीनंतरचा पहिलाच हिवाळा. गावाबाहेर निर्वासितांची छावणी पडली होती. तिथले हरनामसिंग नावाचे एक सुतार सरदारजी माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईचा मोडका पाय बसवून द्यायला दुकानात आले. पाय बसवून झाला, तरी ते उठेनात.

"मास्टरजी, इतवार को बेटी की शादी है. बस एक फोटो चाहिए. फेरों का."

मुलीची आई अंबाल्याला तिच्या बहिणीकडं अंथरुणाला खिळलेली होती. मुलीला दोन भाऊ होते. (सरदारजींनी 'थे' म्हटलं आणि रंधा पिशवीत टाकला. पुढं विचारायची माझी छाती झाली नाही.) फेऱ्यांच्या वेळी भाऊ कडेनं उभे राहतात आणि बहिणीला हात देऊन पुढं नेतात. त्या जागी आता छावणीतलेच दोन तरुण उभे राहणार होते.

"उसकी माँ को दिखाना है," सरदारजी म्हणाले, "कि जगह ख़ाली नहीं थी."

माझी बायको मार्था दुकानात फोटोंवरचे डाग ब्रशनं घालवायचं काम करी. (माझ्यातले डाग ती ब्रशशिवाय दाखवी.) तिनं मान वर केली. "अहो, यांच्यात काय काय असतं ते विचारून घ्या की."

"मला सांगतेस? पंधरा वर्षं लग्नांचे फोटो काढतोय मी!" आणि सरदारजींकडं वळून मी अस्सल नगरी हिंदीत ठणकावलं, "फिकर मत करो. हमको सब मालूम हाय!"

रविवारची उपासना बुडवून आम्ही दोघं टांग्यातून निघालो. महायुद्ध संपलं तरी फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या. माझ्याजवळ दोनच होत्या, म्हणजे फोटो दोनच. छावणीच्या दाराशी टांगेवाल्यानं हात पुढं केला.

"सायेब, ती तपकिरीची डबी हितंच ऱ्हाऊ द्या. आत तंबाखू चालत न्हाई. लई वंगाळ दिसंल."

म्हणजे टांगेवाल्यालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं! आणि ही तर नुसती सुरुवात होती.

आम्ही ख्रिस्ती माणसं. देवाच्या घरात शिरताना टोपी काढायची, हे पाद्रीसाहेबांनी लहानपणी कान धरून शिकवलेलं. मी बूट काढले (हे बरोबर होतं!) आणि मोठ्या अदबीनं हॅटही काढली. तेवढ्यात एक तरुण धावत आला आणि त्यानं स्वच्छ धुतलेला रुमाल माझ्यापुढं धरला. काय ही माणसं! घरदार गमावून बसलीत, पण पाहुण्याला घाम आलेला यांना दिसतो! मी त्या रुमालानं तोंड पुसलं, मान पुसली, भिंगसुद्धा पुसलं आणि "थँक्यू" म्हणून परत दिला.

तो बिचारा मार्थाकडं बघायला लागला. ती डोक्यावरून पदर घेऊन केव्हाच तयार होती.

"डोक्याला बांधा ते!"

"देवापुढं डोकं झाकू?"

"आपण त्यांच्याकडं आलोय, ते आपल्याकडं नाहीत!"

शेवटी त्या तरुणानंच तो रुमाल, माझ्या घामासकट, माझ्या डोक्याला बांधला.

तंबूत मधोमध चांदव्याखाली ग्रंथसाहिब ठेवलेले. मी तिपाई रोवली, ती नेमकी ग्रंथसाहिबांकडं पाठ करून. माणसं छान दिसत होती तिथून! एक पांढऱ्या दाढीचे बाबा उठले, माझं कोपर धरलं आणि लहान मुलाला वळवावं तसं मला वळवून बाजूला नेलं. रागाचा एक शब्द नाही. रागावले असते तर मला हलकं वाटलं असतं.

पहिला फेरा सुरू झाला. मी काळ्या कापडात डोकं घातलं. आमच्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, तेव्हा मी ते लग्न पाय वर आणि डोकी खाली असंच पाहिलं. पुढं नवरा, त्याच्या खांद्यावरच्या शेल्याचं टोक धरून मागं मुलगी. वळणावर ते दोन तरुण उभे. एकानं हात दिला, दुसऱ्यानं घेतला.

"काढा!" बायकांच्या बाजूनं मार्था कुजबुजली.

"थांब गं. अजून सहा आहेत."

(आपल्याकडं सप्तपदी, म्हणजे जगात सगळीकडं सात! असा माझा हिशोब.) एक प्लेट सहाव्याला, एक सातव्याला. तोवर ऊन वर येणार, तंबूची पूर्वेची कनात गुंडाळलेली, झकास उजेड पडणार!

दुसरा झाला. तिसऱ्याला मुलीचं पाऊल अडखळलं आणि त्या दोघांतल्या धाकट्यानं तिला सावरलं. चौथ्याला तर कनातीतून उन्हाची तिरीप थेट तिच्या हातावर आली.

"अहो, काढा ना!"

"चौथाच आहे!"

चौथा संपला आणि नवरा-नवरी खाली बसली. म्हटलं, दम खात असतील. गाणं झालं. सगळे उठून उभे राहिले. म्हटलं, हा आला पाचवा! मी प्लेट चढवली, श्वास रोखला, शटरचा रबरी फुगा मुठीत धरला. अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना झाली, माणसं बसली, आणि कापडाबाहेर काढलेल्या माझ्या दुसऱ्या हातावर कुणीतरी तुपानं थबथबलेला प्रसादाचा गरम शिरा ठेवला.

"पाचवा कब?" मी कापडातूनच विचारलं.

"चार ही होते हैं जी."

मी बाहेर आलो. मार्था माझ्याकडं बघत होती. "आपल्या लग्नात एकसुद्धा फेरा नव्हता. तुम्ही सात आणले कुठून हो?"

इथं मी गप्प बसलो असतो तर निदान मूर्खच ठरलो असतो. पण मी सरदारजींजवळ गेलो आणि म्हणालो, "एक बार फिरसे घुमाव ना. थोडा सा. फोटो के वास्ते."

सरदारजींनी माझ्यापुढं हात जोडले. खरं तर मी जोडायला हवे होते.

"मास्टरजी, ग्रंथसाहिब महाराज के सामने जो हो गया, सो हो गया. वह तमाशा नहीं है."

बाहेर उन्हात मी सगळ्यांना उभं करून एक फोटो काढला. मधे नवरा-नवरी, बाजूला ते दोन तरुण. फोटो लख्ख आला. त्यात सगळे माझ्याकडं बघत होते, मुलीकडं कुणीच नाही. दुसरी प्लेट कोरीच घरी आली.

महिन्याभरानं सरदारजी अंबाल्याचं पत्र घेऊन दुकानात आले. मुलीच्या आईनं लिहवून घेतलं होतं: फोटो पोचला. पण यात सगळी नुसती उभी आहेत. फेऱ्यांच्या वेळी माझ्या पोरीला हात कुणी दिला?

"क्या लिखूँ? मैं तो आँखें मूँदे बैठा था," सरदारजी म्हणाले. मी काउंटरवरची धूळ पुसायला लागलो. मार्थानं सरदारजींना स्टूल दिलं. "लिखो भाईसाहब, मैं बताती."

ती मोडक्या हिंदीत सांगत गेली आणि ते त्यांच्या लिपीत लिहीत गेले. पहिल्या फेऱ्याला कोण कुठं उभं होतं. तिसऱ्याला पाऊल कसं अडखळलं, धाकट्यानं कोपराला कसं धरलं. चौथ्याला ऊन कसं आलं. कोण रडत होतं, कोण तोंड फिरवून उभं होतं. छावणीतल्या म्हाताऱ्या बायांपासून दाराशी थांबलेल्या टांगेवाल्यापर्यंत ती कुणालाही विसरली नाही. लिहिता लिहिता सरदारजींनी दोनदा चष्मा पुसला. चार कागद भरले.

ते गेल्यावर मी जरा घुश्श्यातच म्हणालो, "एवढं सगळ्यांचं लिहवलंस. माझं नाव कुठंच नाही ते?"

मार्थानं ब्रश पाण्यात बुडवला.

"अहो, लग्नाला कोण कोण होतं, तेवढंच सांगायचं होतं."