वाणाच्या पुडीतील वेल

१९ जानेवारी २०२५, रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. बरकतपुऱ्यातील आमच्या गच्चीवरच्या वेलीला बावीस गाठी कमी भरल्या.

दक्षिण अमेरिकेतील ही वेल मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवली होती. वनस्पतिशास्त्राची पदवी असूनही तिच्या सुवासिक पांढऱ्या तुऱ्यांपलीकडे मी काहीच चौकशी केली नव्हती. पानांच्या बेचक्यात धरणारी प्रत्येक गाठ मातीत पडली की नवी वेल होते आणि ती मोठमोठ्या झाडांना झाकून मारते, हे त्या आठवड्यात वाचले. वेल उपटण्याआधी आठवड्यापूर्वीच्या नोंदीशी मी गाठी ताडून पाहत होते.

बावीस गाठी कुठे गेल्या, हे आईने शांतपणे सांगितले. आदल्या संध्याकाळच्या हळदीकुंकवात तिने अकरा जणींना वाण म्हणून दोन-दोन गाठी कागदाच्या पुडीत बांधून दिल्या होत्या. प्लॅस्टिकच्या डब्यांपेक्षा झाड द्यावे, हा आग्रह गेल्या वर्षी माझाच होता.

मी फोन उचलला. तो आईने काढून घेतला.

"दिलेलं वाण परत मागतात का? बदलून द्यायचं. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे."

तिच्या पद्धतीवर माझा विश्वास नव्हता. पण तुळशीची रोपे घेऊन आम्ही घरोघर गेलो आणि दहा घरांतून वीस गाठी परत आल्या. त्यांतील चार कुंडीत लावलेल्या होत्या. त्या मी स्वतः उकरल्या.

राहिल्या सिकंदराबादच्या काकू. त्या लेकीकडे गेल्या होत्या, घराला कुलूप होते. त्यांच्या परसाला लागून नाला, नाल्याच्या काठाने जुने कडुनिंब. तिथे गाठ रुजली असती, तर पुढचे माझ्या हातात उरले नसते.

रथसप्तमीला त्या परतल्या. मी चपला न काढता थेट परसात गेले. माती कुठेही उकरलेली नव्हती.

"काकू, त्या वेलीच्या गाठी कुठे लावल्या?"

"लावायच्या होत्या व्हय? मला आलुगड्डे वाटले. वाणात एवढेसे आलुगड्डे देते म्हणून तुझ्या आईला हसले बी. खट्ट्या दाळीत टाकले." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता पोटात वेल चढंल का काय?"

बटाटा समजून गाठ खाल्ली तरी अपाय होत नाही, एवढे मी वाचलेले होते. तसे सांगून पायरीवर बसले आणि बराच वेळ हसत राहिले.

घरी येऊन परत आलेल्या गाठी उकळत्या पाण्यात टाकल्या आणि वहीत लिहिले: वाटल्या २२, परत २०, दाळीत २, मोकाट ०.