थकवा नाही म्हणणारी आई
आईला पार्किन्सन होऊन काही वर्षं झाली, तरी मुरुडचं घर सोडायचं नाव नाही. वडील गेल्यापासून तिथं एकटीच राहते. विषय काढला की म्हणायची, लातूरच्या तुमच्या फ्लॅटात मी काय भिंती बघत बसू? इकडं माझा जीव टांगणीला. पडली तर उचलणार कोण? शेवटी ठरलं, नांदेडच्या डॉक्टरीणबाई सांगतील तसं करायचं. एकटीला झेपत नाही म्हणाल्या, तर आई बोचकं बांधून लातूरला येणार. शब्द तिनंच दिला होता.

बाईंनी आधी तोंडी विचारलं. थकवा वाटतो का? न्हाई. काम करून तरी थकता का? न्हाई म्हणलं की. मी शेजारी बसून दातओठ खात होते. पीठ मळता मळता ही भिंतीला टेकते, मी डोळ्यांनी बघितलंय! मग ध्यानात आलं. आमच्याकडं ‘म्हातारी थकली’ म्हणजे दमली असं नसतं. आता फार दिवस काढत नाही, असं असतं. ते आपल्याच तोंडानं कोण कबूल करील? मी बाईंना हे सांगितलं. मग विचारतच नाही, म्हणाल्या, आणि त्यांनी कमरेचा एक पट्टा आणि घड्याळासारखं मनगटावर बांधायचं यंत्र काढलं. दोन्हींत सेन्सर. चालणं, उठणं-बसणं, हाताची थरथर, सगळं त्यात टिपलं जातं आणि शरीर किती खचलंय ते कळतं. आठवडाभर अंगावर ठेवायचं होतं.

तो आठवडा मी मुरुडलाच राहिले. वाटलं, ही आता काहीतरी चलाखी करणार. छे! रोजच्यासारखं अंगण झाडलं, संध्याकाळी विहारात गेली. तिथल्या बायकांनी पदराआडचा पट्टा बघून विचारलं, कंबरपट्टा केला का काय? हाव म्हणली, लेकीनं केला. दुपारी जेवून उठताना मात्र हेलपाटली. मलाच राहवेना. म्हणलं, जपून ऊठ, मशिनीत येईल.

"येऊ दे की. मशिनीला फसवून मी काय करू? पडायचं तर मलाच हाय."

लई अभिमान वाटला मला तिचा.

आठवडा संपल्यावर नांदेडला बाईंनी निकाल सांगितला. सकाळी आई खणखणीत. दुपारी गोळीचा असर उतरला की पावलं आखडतात, उठायला फार वेळ लागतो, तोल जातो. अशक्तपणा शिरलाय, पण हाताबाहेर गेलेला नाही. गोळीच्या वेळा बदलू, उठण्याबसण्याचा व्यायाम करा. घरी राहा खुशाल, फक्त दुपारी कुणीतरी जवळ पाहिजे.

मी लगेच तेवढंच धरलं. म्हणलं, दुपारी कोण आहे तुझ्याजवळ? चल लातूरला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी गेल्याच वर्षी रिटायर झाले आणि दुपारी जेवून ताणून देते, हे तिला चांगलं ठाऊक.

"दुपारचंच हाय ना? मग दुपारी तू ये."

बाई तोंड फिरवून हसल्या.

आता मी रोज लातूरहून एसटी धरते. जेवण झालं की ती उठायला लागते. हात पुढं केला की झिडकारते. म्हणून मी हात देत नाही, नुसती जवळ उभी राहते.