केरेकाठचा ले-आउट आणि अक्काची साइट

आमच्या प्लॅनिंग ऑफिसात फाईल महिनोन्‌महिने जागची हलत नाही, पण किस्सा जेवणाच्या सुट्टीआधी सगळे मजले फिरून येतो! या केरेकाठच्या ले-आउटचे किस्से तर विचारूच नका. केरे म्हणजे तलाव. आम्हा म्हैसूरच्या मराठ्यांच्या तोंडात हाच शब्द बसलाय. मी हसत हसत सांगायला लागते आणि मधेच मलाच काळजी वाटायला लागते.

*

बिल्डरनं फाईलीत लिहिलं होतं, "केरे आटली आहे, नुसती नावाला उरली आहे." आणि त्याच्याच रंगीत पुस्तिकेवर मोठ्ठ्या अक्षरांत, "लेक व्ह्यू"!

आमचे साहेब शिवण्णा सर. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं. "यातलं खरं कुठलं हो?"

बिल्डर जरासुद्धा गडबडला नाही. "सर, फाईल तुमच्यासाठी, पुस्तिका गिऱ्हाइकांसाठी!"

*

सुनावणीत कुणीतरी पक्ष्यांचा विषय काढला. तिथं पेलिकन उतरतात, घरं झाली की ते जाणार कुठं? बिल्डरचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, ते काय कायमचे राहतात? थोडे दिवस येतात नि जातात."

आमची सर्व्हेअर रेखा ताडकन म्हणाली, "तुमची निम्मी गिऱ्हाइकं अमेरिकेत. ती तरी कुठं जास्त दिवस राहणार आहेत?"

अख्खा हॉल हसला. मला काही हसू येईना. उरलेल्या निम्म्यांत माझी सख्खी बहीण होती!

*

हो, अक्कानं तिथं साइट, म्हणजे घरासाठी प्लॉट, घेऊन टाकली. मंजुरीच्या आधी, मला न विचारता! भावजी नंजनगूडला मास्तर होते, जन्म गेला त्यांचा गाडीनं जाण्यायेण्यात. रिटायर झाल्यावर हाती आलं ते सगळं त्यांनी या साइटीत घातलं.

"अगं अक्का, मंजुरी तरी येऊ द्यायचीस!"

"अय्यो सुमे, घरात ऑफिसर असताना मी कशाला थांबू?"

ती फाईल नेमकी माझ्याच टेबलावर होती. तेव्हापासून तिचा फोन वाजला तरी दचकायला होतं.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या शिवण्णा सरांकडे गेले. "सर, ती फाईल माझ्याकडून काढून घ्या. माझ्या बहिणीची साइट आहे त्यात."

"म्हणजे तुला डोळे मिटून मंजूर करावीशी वाटतेय?"

"छे हो सर! उलट झोप उडालीय. उद्या तिच्या घरात पाणी शिरलं तर?"

सरांनी फाईल माझ्याकडेच सरकवली. "मग तूच ठेव. या ऑफिसात फाईलीपायी झोप उडालेलं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय!"

*

आता आमची तपासणी. ती नेहमी एप्रिलात, कारण पावसात जीप चिखलात रुतते. म्हणजे पाणी आहे का ते बघायला आम्ही पाणी नसताना जातो! मी गेले तेव्हा जमिनीला भेगा पडलेल्या, गुरं चरत होती. "पाणी आढळले नाही" असं लिहिलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. पण हात धजेना. मी लिहिलं, "पावसाळ्यात पुन्हा पाहावे."

बिल्डर कळवळला. "मॅडम, पावसाळ्यात काय बघणार? तेव्हा तिथं पाणीच असतं!"

*

पण अक्काला कुठला धीर! आषाढ लागायच्या आत भूमिपूजा उरकायचीच म्हणाली. किती समजावलं, ऐकेल तर शपथ. शेवटी मीही गेले. पाऊस दोन दिवस झोडपून नुकता थांबला होता.

आमच्यात पूजेला खड्डा खणून त्यात पाणी ओततात. पाणी भराभर जिरलं तर जागा वाईट, टिकलं तर भाग्याची. अक्का नवी साडी नेसून, भरलेला तांब्या घेऊन उभी. भावजींनी कुदळ घातली. हातभर खणलं असेल नसेल, तोच खालून पाणी यायला लागलं. गढूळ, बुडबुडत. बघता बघता खड्डा काठोकाठ भरला!

गुरुजींचा चेहरा फुलला. "भाग्यवान आहात! न ओतताच भरला! अशी शुभ जागा मी जन्मात पाहिली नाही!"

भावजींनी डोळे मिटून हात जोडले.

अक्का तांब्या धरून तशीच उभी. तिनं खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सुमे," ती म्हणाली, "मग हे आता मी कुठं ओतू गं?"