काचवाल्याचं अंगण

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण ज्याने कुणी केली, त्याला माझ्या दादाचा खेळ एकदा दाखवायला हवा होता. दादाचं अंगण वाकडं होतं तोवरच त्याचा नाच रंगत होता. ते सरळ झालं आणि सगळं बिनसलं. बरं, ते सरळ करून द्या म्हणून साहेबांच्या मागे लागलं कोण? तर हाच आमचा शहाणा!

दादा माझा थोरला भाऊ. तरुणपणी काचेच्या दुकानात हमाली करायचा. दारभर उंचीच्या काचा भर गर्दीतून न्यायच्या, कुणाला धक्का नाही की काचेला ओरखडा नाही. दुकान बंद पडलं, पण ती चाल काही त्याच्या अंगातून गेली नाही. एक दिवस हातात काच धरायची नुसती फडकी घेऊन, नसलेली काच सांभाळत तो आमच्या गल्लीत शिरला, आणि समोरून येणाऱ्या एक बाई चक्क भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. झालं! तेव्हापासून हाच त्याचा धंदा, आणि सगळे त्याला काचवाला म्हणू लागले.

माझं शिलाईचं दुकान गल्लीच्या ऐन वळणावर, त्यामुळे मशीनवर बसल्या बसल्या खेळ दिसायचा. गल्ली इतकी चिंचोळी, की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला मिटावंच लागे. दादा वळणावर येऊन फक्त भुवया उंचावायचा, आणि माणसं वाकायची, पिशव्या डोक्यावर घ्यायची, पोटं आत ओढायची. एका ढेरपोट्या गृहस्थांना काही केल्या ते जमेना, तेव्हा दादाने गंभीर चेहऱ्याने काच तिरकी केली. गल्ली नुसती दणाणली. मागच्यांना तर काहीच दिसत नसे. पुढच्यांचं हसू कानावर पडायचं आणि काय चाललंय ते कळायच्या आत तेही हसत सुटायचे. सगळ्यात जास्त हसायचा तो ज्याला वाकावं लागलं होतं तोच.

पण दादाला ह्यात कमीपणा वाटायचा. जेवायला बसला की सुरू, "मधेच स्कूटरवाले हॉर्न मारतात, लोक धक्के खात उभे राहतात. ही काय कला दाखवायची जागा आहे?"

"अरे, वाट अडते म्हणून तर थांबतात ना ते," मी म्हणायचे.

"तू आपली काजं-बटणं कर."

मग शहर सुंदर करायची टूम निघाली. नगरपालिकेचे साहेब कलाकारांना विचारत फिरले, तुम्हाला काय हवं? दादाने तोंड भरून सांगितलं. मोकळी जागा हवी, गुळगुळीत फरशी हवी, गाड्या नकोत, बसायला ऐसपैस बाकं हवीत. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी गत झाली. भलामोठा चौक तयार झाला. वर नियम आला, की खेळ करायचा तो चौकातच, गल्लीबोळात बंदी.

पहिल्या दिवशी मी दुकान बंद करून गेले. दादा काच घेऊन चौकात उतरला. पण तिथे वाकायची गरजच कुणाला होती? दहा माणसं हात पसरून चालली असती तरी कुणाला कुणाचा स्पर्श झाला नसता. बाकांवर एकेक जण लांब लांब बसलेला. एकट्याने कोण मोठ्याने हसतो? एक जण फोनवर बोलत आला आणि सरळ काचेतून आरपार निघून गेला. दादा जागच्या जागी थिजला.

"लोकच बदलले. रसिकता उरली नाही," घरी येऊन तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "लोक तेच आहेत! रोज माझ्याकडे पँटी आखूड करायला येतात. तू त्यांना हसायला जागा ठेवली नाहीस!"

त्याने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "खरंय. माझ्याच हाताने केलं मी."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला. गल्ली परत द्या म्हणाला. साहेब हसले, "अहो, तुम्हीच मागितलं होतंत ना? आता तिथे पार्किंग झालंय." मग मी चौकात दोन दोऱ्या बांधून गल्लीएवढी वाट करून दिली. पहारेकऱ्याने त्या सोडल्या. म्हणे, रस्ता अडवू नका. त्या माळरानात रस्ता कुठला, हे मला अजून कळलेलं नाही.

आता तिथे एक गाणारा येतो. भोंगा लावून गातो, लांबूनही ऐकू येतं, त्यामुळे चौक त्याला मानवला. परवा मी गेले तेव्हा त्याच्याभोवती बऱ्यापैकी गर्दी होती. दादा आपला त्या गर्दीच्या कडेने काच घेऊन चालला होता. कुणीतरी वळेल, दचकेल, अंग चोरून घेईल, म्हणून एकेका माणसाजवळ थांबत होता.

एका मुलीने मागे वळून पाहिलं. दादाच्या भुवया लगेच वर गेल्या.

"काका, जरा बाजूला व्हा ना. मागे मैत्रीण उभी आहे, तिला गाणारा दिसत नाहीये."

दादा बाजूला झाला. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललं असेल तर तेवढंच. मी तिला चांगलं सुनावायला पुढे झाले, पण त्याने मला नुसत्या मानेनेच गप्प केलं. दोन्ही हात काचेला होते ना.